जुन्या मोटारीसाठी विद्युत इंधनपंप निवडताना

‘प्रीमियर पद्मिनी’ची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. अशा शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि वीस वर्षांची मर्यादा संपताच तिला निरोप घ्यावा लागला. खासगी मालकांकडील पद्मिनी, ‘अ‍ॅम्बॅसिडर’ आणि त्याहून जुन्या मॉरिस, ऑस्टिन, फियाट मात्र आजही जिवापाड जपल्या जातात. रविवारी सकाळी त्या मरीन ड्राइव्हवर दिसतात, क्वचित लोणावळ्यापर्यंतही जातात. या मंडळींची एक तक्रार सारखी ऐकू येते. सकाळी थंडाव्यात एका सेल्फमध्ये सुरू होणारी गाडी दुपारच्या उन्हात सिग्नलवर गुदमरते, घाटात मान टाकते आणि अर्ध्या तासाने काहीच घडले नसल्यासारखी पुन्हा सुरू होते. अशा वेळी गॅरेजमधला पहिला सल्ला बहुधा एकच असतो, ‘इलेक्ट्रिक पंप लावून टाका’.

सल्ला चुकीचा नाही. पण तो अर्धवट आहे. कोणता पंप, किती दाबाचा, कुठे बसवायचा आणि अपघात झाल्यास तो बंद कसा होणार, या चार प्रश्नांची उत्तरे न घेता बसवलेला पंप गाडी पेटवू शकतो. पेट्रोल दाबाखाली वाहून नेणारे हे यंत्र आहे. त्याची निवड हॉर्न किंवा दिवे निवडण्याइतकी सोपी मानता येत नाही.

मुळात दुखणे काय आहे?

कार्बोरेटरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत यांत्रिक पंप इंजिनाच्या कुशीलाच बसवलेला असतो. कॅमशाफ्टवरील उंचवटा पंपाची दांडी हलवतो, दांडी रबरी पडदा खालीवर करते आणि पडद्याच्या ओढीने मागच्या टाकीतील पेट्रोल पुढे येते. रचना साधी, स्वस्त आणि कमालीची टिकाऊ. इंजिन थांबले की पंपही थांबतो, हा तिचा सर्वांत मोठा गुण. इतकी अंगभूत सुरक्षितता कोणत्याही विद्युत पंपात आपोआप येत नाही.

दोष तिच्या जागेत आहे. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत पेट्रोल ढकलले जात नाही, ओढले जाते. ओढले जाणारे द्रव कमी दाबाखाली असते आणि दाब कमी झाला की उत्कलनबिंदूही खाली येतो. त्यात पंप तापलेल्या इंजिनाला चिकटलेला. नळीत वाफेचे बुडबुडे धरतात, पंप वाफच चघळत राहतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. इंग्रजीत यालाच व्हेपर लॉक म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री ‘गाडीने एअर धरली’ म्हणतात. कसारा किंवा बोर घाट चढताना पंपावर ओला फडका टाकण्याची चालकांची जुनी युक्ती शास्त्राला धरूनच होती. फडक्यातील पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जात असे.

अलीकडच्या पेट्रोलने या दुखण्यात भर घातली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलची विक्री देशात फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत हे प्रमाण देशभर गाठले गेले. शुद्ध इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते. पेट्रोलच्या हलक्या घटकांशी मिसळल्यावर मिश्रणाचा मोठा भाग त्याहूनही कमी तापमानाला वाफ होऊ लागतो. शिवाय पद्मिनीच्या काळातील रबरी पडदे, वायसर आणि नळ्या इथेनॉलसाठी घडवलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, मऊ पडतात किंवा कडक होऊन चिरतात. यांत्रिक पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. ऑइलची पातळी न घालता वाढलेली दिसली आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर गाडी तिथेच बंद करून ऑइल बदलणे भाग आहे.

मात्र पंप विकत घेण्यापूर्वी दोष खरोखर पंपाचाच आहे ना, याची खात्री करावी. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले की टाकीत पोकळी निर्माण होते आणि गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते. झाकण उघडताच ‘फुस्स’ असा आवाज येऊन ती पुन्हा सुरू होते. जुन्या नळीला बारीक चीर गेली असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. गरम झाल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सर तर हुबेहूब व्हेपर लॉकचे सोंग घेतात. या गोष्टी न तपासता पंप बदलणाऱ्याच्या पदरी नवा पंप आणि जुना आजार असे दोन्ही येतात.

दाब आधी, प्रवाह नंतर

विद्युत पंपाच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक दाबाचा, दुसरा ताशी प्रवाहाचा. खरेदीदाराची नजर प्रवाहाच्या मोठ्या आकड्याकडे जाते. खरे तर आधी दाब पाहायला हवा.

कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी एक छोटी सुई सांभाळते. फ्लोट वर आला की सुई बैठकीवर बसते आणि पेट्रोल थांबते. सुईला वर धरणारे बळ केवळ फ्लोटच्या तरंगण्याचे, म्हणजे अगदी माफक. पंपाचा दाब त्याहून जास्त झाला की सुई मागे रेटली जाते आणि कार्बोरेटर ‘ओव्हर’ होतो. सोलेक्स, एसयू, झेनिथ किंवा वेबर वळणाच्या युरोपीय कार्बोरेटरना साधारण २ ते ३.५ पीएसआय दाब पुरतो. मोठ्या अमेरिकी व्ही-८ इंजिनांवरील होली कार्बोरेटर ५ ते ७ पीएसआय सहन करतात. मोटारीच्या टायरमध्ये आपण २८-३० पीएसआय हवा भरतो. त्याच्या दहाव्या हिश्शाइतका हा दाब आहे, हे ध्यानात घेतले की प्रकरण किती नाजूक आहे ते कळते. याउलट आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांतील पंप ४० ते ६० पीएसआय दाब देतात. ‘मारुतीचा पंप टाकीत बसतो, स्वस्तही पडतो’ म्हणून इंजेक्शनच्या गाडीचा पंप पद्मिनीला जोडणारे महाभाग आहेत. असे करू नये, याहून सौम्य शब्दांत ते सांगता येणार नाही. अ‍ॅम्बॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनात कार्बोरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या नेमका वर असतो. ओव्हर झालेले पेट्रोल कुठे ठिबकणार, हे वेगळे सांगायला नको.

आता प्रवाहाचा हिशेब. एक अश्वशक्ती तासभर मिळवायला कार्बोरेटरचे इंजिन ढोबळमानाने २२५ ग्रॅम पेट्रोल जाळते. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाची ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून गाडी तासभर पळवली तरी ९ किलो, म्हणजे सुमारे १२ लिटर पेट्रोल लागेल. मिनिटाला २०० मिलिलिटर, एका चहाच्या मगाएवढे. अ‍ॅम्बॅसिडरला ५० अश्वशक्ती धरली तर ताशी १५ लिटर. तीनशे अश्वशक्तीच्या अमेरिकी व्ही-८ला मात्र ताशी ९० लिटरच्या पुढे जावे लागते. ई-२०मध्ये दर लिटरमागे ऊर्जा थोडी कमी असल्याने या आकड्यांत सात-आठ टक्के वाढ धरावी.

खोक्यावरचा प्रवाहाचा आकडा बहुधा मोकळ्या नळीतून, शून्य दाबाला आणि पूर्ण व्होल्टेजला मोजलेला असतो. फिल्टर, वळणे, चढ आणि जुन्या डायनामोचे मंदावलेले व्होल्टेज यांनी तो निम्म्यावर येऊ शकतो. म्हणून गरजेच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा पंप घ्यावा. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसिडरसाठी हा आकडा ताशी ४०-५० लिटरच्या आसपास येतो आणि बाजारातील सर्वांत लहान कार्बोरेटर पंपही तो सहज पार करतो. भारतीय रस्त्यांवरच्या बहुसंख्य जुन्या गाड्यांना मोठ्या पंपाची गरजच नसते. मोठा पंप म्हणजे जास्त आवाज, जास्त करंट आणि दाब आवरण्यासाठी रेग्युलेटरचा जादा खर्च.

पंपांच्या जाती

विद्युत पंप ही काही नवी टूम नव्हे. ब्रिटनमधील एसयू कंपनीचे विद्युत पंप दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून मोटारींत बसत होते. मॉरिस मायनरला तो इंजिनामागच्या पत्र्यावर, तर एमजीबीला मागे टाकीच्या जवळ असे. त्यात विद्युतचुंबक पडदा खेचतो, संपर्कबिंदू उघडतात, स्प्रिंग पडदा ढकलते आणि बिंदू पुन्हा जुळतात. किल्ली फिरवताच होणारी ‘टिक-टिक’ आणि कार्बोरेटर भरल्यावर तिचे मंदावणे हा त्या गाड्यांचा ओळखीचा आवाज. संपर्कबिंदू जळून चिकटले की पंपावर टपली मारायची, हाही त्या गाड्यांच्या चालकांचा शिरस्ता. ज्यांच्या गाडीत मुळात हाच पंप आहे, त्यांनी दुसऱ्या जातीकडे वळण्याचे कारण नाही. संपर्कबिंदूंऐवजी इलेक्ट्रॉनिक मंडल असलेली आवृत्ती मिळते, ती घ्यावी. मात्र पुढे बसणारा आणि टाकीजवळ बसणारा अशी या पंपाची दोन भिन्न रूपे आहेत. एकाच्या जागी दुसरे बसवू नये.

यांत्रिक पंप असलेल्या छोट्या गाड्यांना सर्वांत सोयीचा तो चौकोनी ठोकळ्यासारखा सॉलिड-स्टेट पंप. अमेरिकी फॅसेट कंपनीचा नमुना यात प्रसिद्ध आहे. आत स्प्रिंगवरचा छोटा दट्ट्या विद्युतचुंबकाने मागेपुढे होतो. दीड ते चार पीएसआयची आवृत्ती मिळते, करंट एक-दोन अ‍ॅम्पियर लागतो, रेग्युलेटरची गरज बहुधा पडत नाही. आवाज मात्र आहे. सुट्या शेंगदाण्यांचा डबा हलवावा तशी खडखड शांत रस्त्यावर जाणवते आणि रबरी गाद्यांवर पंप बसवल्याने ती कमी होते, जात नाही. या पंपाच्या नकलाही भरपूर आहेत. खोक्यावर दाबाचा आकडा एक आणि गेजवर दुसराच, असा अनुभव देणारे पंप स्वस्तात विकले जातात. म्हणूनच घेतलेला पंप गेज लावून तपासल्याविना गाडीवर चढवू नये.

मोटरवर फिरणाऱ्या पात्यांचे रोटरी पंप त्याच्या वरच्या पायरीचे. कार्टरचा सहा पीएसआयच्या आतला पंप किंवा होलीचा सात पीएसआयचा लाल पंप मोठ्या व्ही-८ गाड्यांना शोभतो. होलीच्या निळ्या पंपाचा दाब १४ पीएसआयपर्यंत जातो, त्याला रेग्युलेटर सक्तीचाच. महाराष्ट्रात शेव्हर्ले, डॉज किंवा ब्यूक बाळगणारे संग्राहक आहेत. विचार त्यांनी करावा, तोही कार्बोरेटर मूळचा आहे की बदललेला, हे पाहून. मूळच्या सहा सिलिंडरच्या गाड्यांनाही लहान पंपच पुरतो.

टाकीच्या आत बुडवून ठेवायचे पंप थंड आणि शांत राहतात. परंतु ते मुख्यत्वे इंजेक्शनसाठी आहेत आणि टाकी कापावी लागते. इंजेक्शन बसवायचेच असेल तर तो स्वतंत्र विषय आहे.

खरेदीपूर्वी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. गाडीचे वायरिंग १२ व्होल्टचे आहे की सहाचे, आणि बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत अनेकदा धन टोक अर्थिंगला असते. सॉलिड-स्टेट पंप बहुधा ऋण अर्थिंगसाठी बनतात. उलटा जोडला की कायमचा गेला. दुसरे, पंपाचे आतील भाग इथेनॉलला टिकणारे असल्याचे उत्पादकाने स्पष्ट लिहिलेले हवे. जुन्या साठ्यातला पंप ‘ओरिजिनल माल’ म्हणून ऑपेरा हाऊस किंवा कुर्ल्याच्या बाजारात मिळतो आणि मोह होतो. पण त्यातील पडदा चाळीस वर्षांचा असू शकतो.

बसवण्याची जागा आणि सुरक्षा

विद्युत पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चा. तो टाकीच्या जवळ आणि शक्यतो टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याखाली हवा. मग पुढची सगळी नळी दाबाखाली राहते, उत्कलनबिंदू वाढतो आणि व्हेपर लॉकचे मूळच उपटले जाते. पंप इंजिनाशेजारी, जुन्या पंपाच्या जागेजवळ बसवून देणारे कारागीर वायर आणि मेहनत वाचवतात. गिऱ्हाइकाच्या पैशांचे मात्र पाणी होते, कारण ओढण्याचा दोष जसाच्या तसा राहतो. सायलेन्सरपासून अंतर राखावे, दगड लागणार नाही असा आडोसा द्यावा. ठोकळ्याचा पंप बाहेरचे तोंड वर करून बसवावा, म्हणजे हवा अडकत नाही. पंपाच्या आधी जाळीचा जाडसर फिल्टर हवाच. पन्नास वर्षांच्या टाकीत गंज असतोच आणि त्याचा एक कण पंपाची झडप अडवायला पुरेसा होतो. बारीक कागदी फिल्टर पंपाच्या पुढे लावावा. मागे लावला तर पंप गुदमरतो.

रबरी नळ्या सगळ्या बदलाव्यात. इथेनॉलसाठी एसएई जे-३० आर-९ दर्जाची नळी योग्य. ती मीटरवर महाग वाटते; पण गाडीला लागते ती फार तर दीड-दोन मीटर, बाकी धातूची नळी असते.

यांत्रिक पंप काढायचा की ठेवायचा, यावर मतभेद आहेत. अनेक जण तो जागेवर ठेवून विद्युत पंप मालिकेत जोडतात, एक बिघडला तर दुसरा कामी येईल म्हणून. वरवर शहाणपणाचे वाटणारे हे गणित एका ठिकाणी चुकते. जुन्या पंपाचा पडदा फाटला तर विद्युत पंप दाबाने पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये भरत राहील. यांत्रिक पंप काढून त्या जागी गॅस्केटसह झाकणपट्टी लावणे अधिक सुरक्षित. काही इंजिनांत पंपाची दांडी वेगळी असते, ती काढायला विसरू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वायरिंग. गाडी धडकली, इंजिन थांबले, पण किल्ली चालू आहे, अशा अवस्थेत थेट किल्लीवर जोडलेला पंप तुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहतो. यावर दोन उपाय प्रचलित आहेत. धक्का बसताच मंडल तोडणारा इनर्शिया स्विच अनेक परदेशी गाड्यांत कारखान्यातूनच येत असे आणि तो सुटाही मिळतो. दुसरा, ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच. इंजिन फिरत असेल आणि ऑइलचा दाब असेल तोवरच पंपाला वीज. सेल्फ मारताना मात्र स्टार्टरच्या वायरीवरून तात्पुरता पुरवठा. दोन्ही एकत्र लावले तर उत्तम. एकच परवडत असेल तर इनर्शिया स्विच निवडावा, कारण त्यात जोडणीची गुंतागुंत कमी. पंपाला स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्यावा. जुन्या इग्निशन स्विचवर आणखी भार टाकणे बरे नव्हे.

कागदपत्रांचा मुद्दाही नजरेआड करून चालणार नाही. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेल्या वाहनांना ‘व्हीए’ मालिकेतील स्वतंत्र नोंदणी मिळते. अशा गाडीवर पंप बसवताना सांगाड्याला नवी छिद्रे पाडू नयेत. असलेल्या बोल्टवर पट्टी बसवून काम भागते. काढलेला यांत्रिक पंप, त्याची दांडी आणि मूळ नळी पुडीत बांधून गाडीसोबतच ठेवावी.

चाचणी उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवून घ्यावी. कार्बोरेटरजवळची नळी काढून धातूच्या डब्यात सोडावी आणि पंप एक मिनिट चालवावा. पद्मिनीच्या वर्गातील गाडीला अर्धा लिटर आले तर प्रवाह भरपूर आहे. मग टी-जोड लावून गेजवर दाब पाहावा, आधी इंजिन बंद असताना आणि मग मंद फिरताना. साडेतीनच्या वर काटा गेला तर रेग्युलेटर लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. ताशी नव्वदच्या वेगाला किंवा लांब चढावर गाडी दम टाकू लागली, तर पंपाकडे बोट दाखवण्याआधी फिल्टर उघडावा. ई-२०वर इंजिन कोरडे चालत असेल, तर त्याचे उत्तर कार्बोरेटरच्या जेटमध्ये आहे, पंपाचा दाब वाढवण्यात नाही. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर मागचा जाळीचा फिल्टर काढून पाहावा. इथेनॉल टाकीतील जुना थर सोडवते आणि तो तिथे तपकिरी गाळाच्या रूपात सापडतो. गाळ बोटाला खरखरीत लागला तर टाकी उतरवून साफ करण्याचे काम आधी करावे लागेल.